मिड-ड्राइव्ह ई-सायकल: मागे कॅसेट, फ्रीव्हील, हब गिअर की पट्टा? बेळगाव भागासाठी तुलना

मिड-ड्राइव्ह ई-सायकल बघायला गेलं की दुकानदार आधी मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सांगतो, मग एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते. मागच्या चाकाला काय बसवलंय याबद्दल तो बोलत नाही आणि घेणाराही विचारत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सायकल रोज वापरायची असेल तर पुढच्या दोन-तीन वर्षांचा खर्च आणि मनस्ताप तिथेच ठरतो. म्हणून मोटर बाजूला ठेवून मागच्या चाकापासूनच सुरुवात करतो.

मिड-ड्राइव्हची मोटर क्रँकपाशी, म्हणजे पायडलच्या दांड्यांपाशी, बसते, त्यामुळे तिची सगळी ताकद चेनमधूनच मागे जाते. साधा माणूस सलग शंभर वॅटच्या आसपास जोर लावतो, मोटर त्यात आणखी २५० वॅट घालते. म्हणजे पायांच्या हिशोबाने बनलेल्या चेनवर तिपटीहून जास्त भार येतो. मागच्या चाकातच मोटर असलेल्या सायकलला हा त्रास नाही, तिथे चेनवर फक्त तुमचे पाय असतात. तुमचं फिरणं कॅम्प, टिळकवाडी, शहापूर एवढ्यातच असेल तर सरळ तीच घ्या, स्वस्तही पडेल. मिड-ड्राइव्हचा पैसा वसूल होतो तो चढावर. गिअर हलका केला की मोटरचंही काम हलकं होतं, उलट चाकातली मोटर चाक मंदावलं की तापायला लागते. येळ्ळूरचा राजहंसगड, जांबोटीवरून कणकुंबी आणि पुढे चोर्ल्याकडे जाणारा रस्ता, निपाणी आणि संकेश्वरच्या मधला तवंदी घाट, अशा ठिकाणी हा फरक पायांना कळतो.

आता गिअरचा हिशोब. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत मोटर बंद होणारी सायकल मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून तिला नोंदणी लागत नाही. हा २५ चा आकडाच गिअर निवडताना कामाला येतो. पुढचं चेनव्हील ३८ दात्यांचं आणि चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर मिनिटाला ७५ फेऱ्यांनी आरामात पाय मारत २५ चा वेग गाठायला मागे १५ दाते पुरतात. ११ दात्यांच्या चक्रावर त्याच वेगाला पाय जेमतेम ५५ फेऱ्या मारतात. म्हणजे कॅसेटवरची (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचातली) सगळ्यात लहान चक्रं या सायकलला मोटरच्या मदतीने कधी लागतच नाहीत. ती वापरली जातात ती फक्त आळसाने, आणि झिजतातही तीच आधी, कारण तेवढाच ओढ कमी दात्यांवर वाटला जातो.

फेऱ्यांचं महत्त्व एवढ्यावर थांबत नाही. २५० वॅट जोर मिनिटाला ५० फेऱ्यांनी लावला तर क्रँकवर सुमारे ४८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो, ८० फेऱ्यांनी लावला तर ३०. ताकद तेवढीच, पण चेनवरचा ताण निम्म्याच्या थोडा वर. जड गिअर टाकून मोटरच्या जिवावर चढणाऱ्याची चेन लवकर संपते ती याचमुळे. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी मात्र सवय लावून घ्यावी: चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करायचा, आणि गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर सोडायचा. चांगल्या मोटरी गिअर बदलताना आपणहून जोर कमी करतात. साध्या सायकलवर चढवलेल्या किटमध्ये बहुतेकदा ती सोय वेगळी बसवून घ्यावी लागते. थ्रॉटल, म्हणजे पाय न मारता मोटर चालवायची मूठ, असेल तर जड गिअरमध्ये उभ्या जागेवरून थ्रॉटल पिळणं हा चेन तोडायचा हमखास मार्ग आहे. ७५० किंवा १००० वॅटची किट लावण्याच्या फंदात पडू नका. चेन तर खातेच, शिवाय कायद्याने ती मोटार वाहन होते.

आता एकेक पर्याय. तुलनेसाठी एकच कसोटी लावू: सगळ्यात जड गिअर २५ च्या वेगाला बसवला, तर तेवढ्याच फेऱ्यांनी सगळ्यात हलक्या गिअरवर किती हळू चढता येतं? कारण माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले तर ८ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला साधारण २५० वॅट लागतात. मोटर आणि पाय मिळून एवढं सहज निभावतं. १२-१३ च्या खाली उतरताच येत नसेल तर मात्र मोटर आणि गुडघे दोघांनाही त्रास.

सात गिअरचं साधं फ्रीव्हील, म्हणजे चाकाच्या मधल्या हबवर आट्यांनी बसणारा चक्रांचा संच, १४ ते २८ दात्यांचं, आपल्या बऱ्याच सायकलींना असतं. त्याचं उत्तर ताशी १२.५ किलोमीटर. सपाटीला ठीक, घाटाला अपुरं. त्याचंच १४ ते ३४ चं फ्रीव्हील घेतलं तर १०.३ पर्यंत खाली येता येतं, आणि सगळ्यात लहान चक्र १४ चं असल्यामुळे २५ च्या मर्यादेला ते बरोबर जुळतं. हे फ्रीव्हील स्वस्त आहे आणि आठ गिअरपर्यंतची जाड चेन कुठल्याही सायकल दुकानात मिळते. दोष एकच, पण तो खरा आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, त्यामुळे ॲक्सलचं टोक आधाराविना राहतं आणि खड्ड्यांत वाकतं. मागे कॅरिअरवर ओझं नेणार असाल तर हे लक्षात ठेवा.

कॅसेट हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, ॲक्सल टिकतो. पण ११ ते ३४ ची कॅसेट घेतली म्हणून चढावर फार मोठा फरक पडेल असं समजू नका. खालची लहान चक्रं वर सांगितलं तशी वापरातच येत नाहीत, त्यामुळे १५ ते ३४ एवढाच टप्पा उरतो आणि उत्तर येतं ११. खरा फायदा हवा असेल तर नऊ गिअरची, ४२ पर्यंत जाणारी कॅसेट बघा, त्यात ८.९ मिळतात. १२ गिअरच्या मागे लागू नका. तिची चेन बाहेरून सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास असते, आठ गिअरची सातच्या वर. पातळ चेन, पातळ दाते, महाग कॅसेट, आणि अडलं तर पार्सलची वाट बघा. शिमानोने २०२१ साली लिंकग्लाइड नावाची जाड दात्यांची कॅसेट आणली, जुन्या रचनेच्या तिप्पट टिकते असा कंपनीचा दावा आहे. सायकलला ती मुळातून असेल तर जरूर विचार करा.

हब गिअरमध्ये सगळे दाते चाकाच्या मध्यभागी बंद डब्यात असतात. चेन सरळ रेषेत एकाच चक्रावर चालते, जाड घेता येते, चेनकव्हर लावता येतं. शिमानोच्या तीन गिअरच्या नेक्ससची कक्षा (सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या किती पट) १८६ टक्के, म्हणजे उत्तर १३.४, ते सोडून द्या. पाच गिअरचा नेक्सस इंटर-५ई खास ई-सायकलसाठीच आहे, २६३ टक्के, उत्तर ९.५. आठ गिअरच्या नेक्ससचं ३०७ टक्के, ८.१, पण मोटरचा जोर सोसण्यासाठी त्याचं कुठलं मॉडेल आहे ते तपासूनच घ्या. पुढच्या-मागच्या दात्यांचं प्रमाण कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली नेऊ नका, नाहीतर हबच्या आतले दाते तुटतात. हब गिअरचा मोठा गुण म्हणजे उभ्या सायकलला गिअर बदलतो. रेल्वे गेटपाशी जड गिअरमध्येच थांबलात तरी निघताना हलका करून निघता येतं, आणि यात चेनचं आयुष्य खूप वाचतं.

हब गिअरच्या बाबतीत पंक्चरचं भय लोक दाखवतात, चाक काढायला केबल आणि नट सोडवावे लागतात म्हणून. पण आपल्याकडचा पंक्चरवाला चाक काढतच नाही. टायरची एक कड उघडून ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडा शोधतो, ठिगळ लावतो, परत आत सारतो. टायर बदलायची वेळ आली तरच चाक निघतं.

पट्टा, म्हणजे चेनऐवजी दातेरी कार्बन बेल्ट, हब गिअरला जोडता येतो, कॅसेटला नाही. तेल नको, गंज नाही, आवाज नाही. मात्र पट्टा तोडून जोडता येत नाही, त्यामुळे मागच्या बाजूने उघडणारी फ्रेमच लागते. आहे त्या सायकलवर तो चढत नाही. मुळातूनच पट्ट्याची सायकल परवडत असेल तर घ्या, आणि एक जादा पट्टा त्याच दिवशी घेऊन ठेवा.

या सगळ्यात आपल्या मातीचा वाटा मोठा आहे. खानापूरकडे जून ते सप्टेंबर लाल चिखल, त्यात बारीक टोकदार कण, आणि ते तेलात मिसळले की चेनच्या प्रत्येक पिनेला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. निपाणीकडची काळी माती चिकटून बसते, वाळल्यावर गोळे पडतात, पण घासते कमी. खानापूर-जांबोटी बाजूला राहणाऱ्याने म्हणूनच उघड्या कॅसेटपेक्षा हब गिअर आणि बंद चेनकव्हर यांना झुकतं माप द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात भिजून आलात की चेन फडक्याने पुसा, रोलरवर थेंब थेंब तेल सोडा, पाच मिनिटांनी वरचं जादा तेल पुसून काढा. मोटारसायकलच्या वॉटर सर्व्हिसिंगला ही सायकल अजिबात देऊ नका, त्या दाबाचं पाणी मोटर आणि हबच्या सीलमधून आत जातं.

चेन कधी बदलायची हे डोळ्यांनी कळत नाही, घरातल्या स्टीलच्या फूटपट्टीने कळतं. चेन खालच्या बाजूने ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर इंचाचा शून्य ठेवा आणि तिथून चोवीस पिना मोजा. चोविसावीचा मध्य बरोबर १२ इंचांवर यायला हवा. १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. १/८ इंच पुढे गेलात तर उशीर झाला, लांबलेल्या चेनने मागचे दाते आपल्या मापाचे करून घेतलेत आणि आता नवी चेन त्यावर उडी मारेल. वेळेवर बदललेल्या एका चेनच्या पैशात कॅसेट वाचते. हब गिअरला एवढी घाई नसते, तिथे एकच चक्र बदलायचं आणि ते स्वस्त असतं.

वेंगुर्ला रोडने सुळगा, उचगाव करत शिनोळीच्या कारखान्यात रोज जाणार असाल, तर पाच किंवा आठ गिअरचा हब आणि जाड चेन घ्या. शनिवार-रविवार चोर्ल्याचा रस्ता गाठण्यासाठीच सायकल हवी असेल तर नऊ गिअरची कॅसेट, कारण लांब चढावर हब गिअरमध्ये थोडी ताकद आतच जाते आणि गिअरमधली अंतरंही मोठी असतात. बजेट कमी असेल तर १४ ते ३४ चं फ्रीव्हील वाईट नाही, फक्त ओझं बेताचं ठेवा. दुकानात ट्रायलला गेलात की सपाटीवर वेग बघत बसू नका, जवळचा एखादा चढ शोधा, मध्येच थांबा आणि तिथूनच परत निघून दाखवायला सांगा. दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.