डॉक्सी 40, सात महिने : गाल सुधारले, चहाचे हाल

मागच्या आठवड्यात मेडिकलवाल्याने पुन्हा तोच डाव टाकला, म्हणून आज लिहायला बसलो. मला रोझेशिया आहे, म्हणजे गाल-नाक लाल आणि वर पुटकुळ्या. त्यासाठी चिठ्ठीवर डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल, काउंटरवर आली 100 ची पट्टी. "कंटेंट सेम आहे साहेब. अर्धी करून घ्या, स्वस्त पडेल."

डिसेंबरात मी याच वाक्याला भुललो होतो. 100 ची पट्टी 40 च्या मानाने किरकोळीत मिळते, आणि मी पडलो अंबडच्या कारखान्यातला स्टोअरकीपर. अर्धी म्हणजे 50, वर 10 फुकट, असा हिशेब लावला. पहाटे दोन घोट पाण्याबरोबर गिळली आणि परत गोधडीत शिरलो (डिसेंबरातलं नाशिक, उठवत नाही). छातीत जे जळायला लागलं ते चार दिवस. पाण्याचा घोटही टोचत खाली जायचा. बायकोला वाटलं हार्ट. वाचवले त्याच्या कितीतरी पट ईसीजीत गेले.

स्किनच्या मॅडमनी आधी झापलं, मग समजावलं. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच भाजते. ग्लासभर पाणी प्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही. शिवाय 40 च्या कॅप्सूलमध्ये 30 मिलिग्रॅम लगेच सुटतं, 10 मागाहून. रक्तातलं प्रमाण जंतू मारण्याइतकं वर जातच नाही. रोझेशियात तिचं काम दाह कमी करण्याचं, आणि जंतू मारत नाही म्हणूनच ते औषधाला सरावण्याची भीती कमी. 100 ची अर्धी केली की सगळं एकदम सुटतं. 10 फुकट मिळाले ते असे.

आता खरी तक्रार. चहा. कॅप्सूल उपाशीपोटी, खाण्याच्या तासभर आधी. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अँटासिड यांनी औषध नीट शोषलं जात नाही. माझी फर्स्ट शिफ्ट, साडेसहाला कंपनीची बस. म्हणजे पाचला उठून कॅप्सूल घ्यायची आणि सहापर्यंत गॅसकडे बघत बसायचं. कोरा चहा करून पाहिला, काढाच तो. बरं, सहाला मिळतो तोही गरम चालत नाही, वाफेनेच गाल पेटतात. बशीत ओतून ठेवायचा, साय धरली की प्यायचा. पंचवीस वर्षं उकळता चहा प्यायलेल्या माणसाला ही शिक्षा आहे. मिसळीचा रस्सा सुटला त्याचं एवढं वाटलं नाही.

दोन महिन्यांनी मी भेटेल त्याला सांगत होतो, पैसे पाण्यात. ते शब्द मागे. डाव्या गालावर दाढी करताना अकरा पुटकुळ्या मोजायचो. जानेवारीअखेर सहा, आणि 16 आठवडे भरले तेव्हा एक, तीही सुकलेली. ब्लेड सरळ फिरवलं त्या दिवशी बायकोला हाक मारून दाखवलं. त्याआधी वर्षभर कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडचं मलम चोळत होतो. तीन दिवस छान, मग दुप्पट लाल. ते बंद झालं हाच निम्मा फायदा असेल.

लाली मात्र गेली नाही. नाकावरच्या बारीक शिरांचं जाळंही तसंच. त्याला लेझर लागतं, आणि लेझरचा भाव ऐकून मला शिरा आवडायला लागल्या. खात्यात अजून विचारतात, "काय राव, सकाळीच वाइन?" नाशिकमध्ये राहायचं म्हणजे हे आलंच. या औषधाने ऊनही जास्त बाधतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीनचा खर्च धरून चाला.

मार्चमध्ये बंद केलं, मेच्या उन्हात पुटकुळ्या परतल्या, म्हणून पुन्हा सुरू. तर ती 100 ची पट्टी मी परत सरकवली. "मागवावी लागेल, संध्याकाळी या." गेलो, बिल घेतलं. दोन रुपये सुट्टे नव्हते, म्हणून त्याने पट्टीवर अँटासिडची गोळी ठेवली.