खुब्याच्या वाटीला अस्तर कशाचं घ्यावं: सिरॅमिक की प्लास्टिक?

मी पायाळू. लहानपणी उसण भरलेले शेजारी कंबरेला पाय लावून घ्यायला माझ्याकडे यायचे. पायाळू जन्मलेल्या मुलींमध्ये खुब्याची वाटी उथळ राहण्याचं प्रमाण जास्त असतं, हे मात्र मला चाळिशीत कळलं. तोवर लंगडणं म्हणजे आपली चालच, असं धरून चालले होते. शेहेचाळिसाव्या वर्षी गादी पार झिजली आणि सांधा बदलायचं ठरलं.

माझ्यासारखी उथळ वाटी असलेल्या आणि बदलायचा की थांबायचं, हा घोळ संपलेल्यांसाठी हे लिहितेय. नव्या सांध्यात मांडीच्या हाडावर एक गोळा असतो, वाटीच्या जागी हाडात कप बसवतात आणि कपाच्या आत अस्तर असतं; गोळा त्या अस्तरात फिरतो. गोळा बहुधा सिरॅमिकचाच सुचवतात. प्रश्न असतो तो अस्तराचा.

प्लास्टिक जुन्या कर्मांमुळे बदनाम आहे. चार्नले या ब्रिटिश सर्जननी 1962 साली रूढ केलेल्या सांध्यात तेच होतं. ते झिजायचं, झिजेचे कण आजूबाजूचं हाड पोखरायचे आणि कप सैल व्हायचा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाने घट्ट केलेलं, 'क्रॉसलिंक्ड' प्लास्टिक आलं आणि झीज खूपच कमी झाली. तरी सिरॅमिकवर सिरॅमिक जवळजवळ झिजतच नाही. कागदावर पाहिलं तर चाळिशीतल्या माणसाने तेच घ्यावं. मीही घेणार होते.

ऑपरेशनच्या आधी व्यायाम शिकायला जात होते. तिथे सिरॅमिकवर सिरॅमिक बसवलेले एक काका भेटले. ते खुर्चीतून उठले आणि कर्र आवाज आला. मला खुर्चीच वाजली असं वाटलं. ते हसून म्हणाले, "नाही हो, मी वाजलो. घरी तर आधी दाराच्या बिजागरीला तेल घालून झालं." दुखत काहीच नव्हतं. पण पूजेला बसले तर आरतीला सगळ्यांच्या आधी उठून उभे राहतात म्हणे, म्हणजे टाळांच्या आवाजात खपून जातं.

असा आवाज थोड्यांनाच येतो, हे मान्य. पण गोळा वाटीच्या काठावर घासला की तो येण्याची शक्यता वाढते, आणि आपल्या खुब्यात तीच तर मेख आहे. वाटी उथळ, त्यामुळे कप बसवायला जागा शोधावी लागते. कधी काढलेल्या गोळ्याचंच हाड स्क्रूने लावून छप्पर करावं लागतं. माझं तसंच केलं. अशा ठिकाणी कपाचा कोन हवा तस्साच साधेल याची खात्री कोण देणार? कोन थोडा चुकला तर प्लास्टिक सांभाळून घेतं, सिरॅमिक तितकं घेत नाही, असं माझ्या डॉक्टरांचंही मत पडलं. शिवाय प्लास्टिकचं एका बाजूने काठ उचललेलं अस्तर मिळतं, गोळा निसटू नये म्हणून.

सिरॅमिकच्या बाजूची एक गोष्ट खरी आहे. आपल्याला कप लहान बसतो आणि प्लास्टिकला जाडी लागते, त्यामुळे गोळा लहान घ्यावा लागतो. सिरॅमिकच्या अस्तरात कधीकधी एक माप मोठा मावतो, आणि मोठा गोळा सहसा निसटत नाही. तिशीच्या आतल्या रुग्णाला एखादा डॉक्टर सिरॅमिकच सांगत असेल तर त्याला चूक म्हणवत नाही. सिरॅमिक फुटण्याची भीती मी फारशी धरली नाही. हल्लीचं क्वचितच फुटतं. फुटलं तर मात्र चुरा साफ करणं मोठं काम असतं.

मी प्लास्टिक घेतलं. सहा वर्षं झाली, खुबा गप्प आहे. मांडी घालत नाही, पण ती सिरॅमिक घेतलं असतं तरी जपूनच घालायला सांगितली असती.

कधीकाळी झिजलंच, तर कप हाडात घट्ट असला की बहुधा नुसतं अस्तर बदलता येतं. त्यासाठी कंपनी आणि माप कळायला हवं. डिस्चार्जच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. माझ्या फाइलची झेरॉक्स दागिन्यांच्या पावत्यांबरोबर कपाटात आहे.