‘दहा कोंबड्यांचा’ घडीचा पिंजरा: मावतात फक्त चार

आठवडी बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या घडीच्या लोखंडी पिंजऱ्याचं नेहमीचं माप 3 बाय 2 फूट, उंची 2 फूट. दुकानदार छातीठोकपणे ‘दहा पक्षी’ सांगतो. दिवसभर मोकळ्या चरणाऱ्या गावरान कोंबडीला रात्रीपुरती दीड चौरस फूट जागा धरा, गिरिराज किंवा वनराज या जड, सुधारित जातीची असेल तर दोन. म्हणजे चार गावरान, नाहीतर तीन गिरिराज. दहा कोंबल्या की चोचीमारी सुरू होते. शेपटीच्या मुळाशी पिसं उपटलेली दिसली की समजावं.

जागेपेक्षा मोठी खोट जाळीत आहे. बाजूची भोकं 1 बाय 2 इंचांची. कोंबडी बाहेर येत नाही हे खरं, पण साप आत शिरतो आणि मुंगूस तोंड घालून कडेला बसलेलीची मान धरतं. सकाळी कडी जशीच्या तशी, आणि कोंबडी मेलेली. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांध्यांवर वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) बाहेरून चारही बाजूंनी बाइंडिंग तारेने आवळा. षटकोनी जाळी स्वस्त पडते म्हणून ती लावू नका. कुत्र्याने दात लावून ओढली की तिचे पीळ उकलतात. सरकत्या कडीत छोटं कुलूप हवंच.

जाळीच्या तळाखाली पत्र्याचा ट्रे येतो, ही मात्र खरी सोय. विष्ठा खाली पडते, झाडलोट दोन मिनिटांत. ट्रेत इंचभर भाताचा तूस पसरा, दोन दिवसांनी बदला. ट्रे ओढताना डोळे चुरचुरले तर उशीर झालाय. पण रात्रभर बारीक तारेवर बसून जड पक्ष्यांच्या तळव्यांना फोड येतात, म्हणून बसायला दोन इंच रुंद लाकडी रीप, कडा घासून, तळापासून आठ-दहा इंचांवर बांधा. तीन फुटांच्या रिपेवर चारजणी बसतात. हिशेब पुन्हा चारचाच.

अंड्यांसाठी जागाच नाही. फूटभराचं लाकडी खोकं, तळाशी भाताचा पेंढा, पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आत रिपेपेक्षा उंच ठेवलंत तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेत लडबडतात.

वरचा पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो. झापं किंवा ओलं गोणपाट टाका. पावसात ताडपत्री लावताना वरचे सहा इंच उघडे सोडा, नाहीतर आत वाफ कोंडून तूस ओला राहतो. पाय जेमतेम अर्ध्या फुटाचे, त्यामुळे पिंजरा विटांवर दीड फूट उचलावा लागतो.

विकत घेताना पिंजरा उलटा करून तळाचे सांधे बघा. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा मुलामा जळून काळे डाग पडलेले असतील तर गंज तिथूनच धरणार. पैसे देण्याआधी दुकानदाराकडूनच त्यावर झिंक प्रायमर मारून घ्या.