पॅरिसमधली मोलिएरची पायी टूर – ५ पैकी साडेतीन, तरी नक्की जा

मे महिन्यात भाचीकडे पॅरिसला गेले होते तेव्हा तिने मला न सांगता मोलिएरच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या फ्रेंच नाटककाराच्या, पॅरिसची पायी टूर बुक करून ठेवली होती. दोन तास, माणशी २५ युरो, इंग्रजीतून. टूर कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अशा टूर तिथे बरेच जण करतात आणि मला जे खटकलं ते कुठेही होऊ शकतं.

आधी हे सांगते की मोलिएर मला इतका जवळचा का. कॉलेजात आम्ही अत्र्यांचं कवडीचुंबक बसवलं होतं, मी प्रॉम्प्टिंगला, तीन महिने तालमी, शेवटी शेवटी अख्खं नाटक मला पाठ झालं होतं. ते मूळ मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्यावरून घेतलंय हे सरांनी सांगितलं आणि मग मी लायब्ररीत मिळेल ते वाचत सुटले. हरिभाऊ आपट्यांनी तर त्याच्याही कितीतरी आधी मारून मुटकून वैद्यबुवा हे त्याचं नाटक मराठीत करून ठेवलं होतं. म्हणजे आपल्या रंगभूमीवर हा माणूस नवखा नाहीच.

टूर सुरू होते सेंत यूस्ताश चर्चपाशी. १५ जानेवारी १६२२ ला इथे त्याचा बाप्तिस्मा झाला, खरं नाव झाँ बातिस्त पोकलँ. वडील राजाच्या पदरी होते, महालातले पडदे, गाद्या, बिछायती बघायचे, आणि हे पद मुलालाच मिळणार होतं, म्हणजे आयुष्यभराची सोय. मुलाने एकविसाव्या वर्षी ते सोडून मादलेन बेजार ही नटी आणि आणखी काही जणांबरोबर नाटक कंपनी काढली. चर्च प्रचंड आहे, आत दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात निम्मं पण बघून होत नाही.

तिथून गाईड आम्हाला रू द्यू पाँ नफ या रस्त्यावरच्या ३१ नंबरच्या इमारतीपाशी घेऊन गेला, वर मोलिएरचा अर्धपुतळा आहे आणि पाटी आहे की त्याचा जन्म याच जागी १६२० साली झाला. सगळ्यांनी फोटो काढले. पण ती पाटीच चुकीची आहे, जागा पण आणि साल पण! खरं घर होतं रू सेंत ओनोरेवर, आजच्या ९६ नंबरला, तिथेही पाटी आहे आणि तिच्यावर १६२२ बरोबर लिहिलंय. तिथून चालत काही मिनिटांवर. मी गाईडला विचारलं तर म्हणाला हो दोन पाट्या आहेत, आणि पुढे चालायला लागला. अहो पण हीच तर खरी गंमत होती ना, एवढ्या मोठ्या नाटककाराचं जन्मघर शहरालाच दोन ठिकाणी सापडतं, दोन्ही पाट्या दाखवून हे सांगितलं असतं तर लोक आयुष्यभर विसरले नसते.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. त्याची पहिली कंपनी दोन वर्षांत बुडाली, कर्ज फेडता आलं नाही म्हणून १६४५ मध्ये तो शातलेच्या तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर पॅरिस सोडून तेरा वर्षं कंपनी घेऊन दक्षिणेत गावोगाव फिरला. तेरा वर्षं दौरा! गाईडने हे सगळं एका वाक्यात उरकलं, का तर त्या काळाची या वाटेवर दाखवायला इमारत नाही. पण मोलिएर घडला तो तिथे. ज्याने आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांबद्दल वाचलंय त्याला लगेच कळेल, ते सामान बांधा, गावात जागा शोधा, परवानगी मिळवा, पाऊस पडला की गल्ला शून्य, हा नट आजारी तर तो उभा करा. तो नुसता लिहिणारा नव्हता, मालक, दिग्दर्शक आणि मुख्य नट पण तोच होता. म्हणून त्याची नाटकं आपल्या माणसांच्या अंगाच्या मापाने बेतलेली आहेत. कंजूषमध्ये म्हातारा खोकतो ना, तो खोकला मोलिएरचा स्वतःचा, छातीचा आजार होता, लपवता येत नव्हता म्हणून भूमिकेतच घातला. नोकर लंगडतो कारण ते काम करणारा लुई बेजार खरंच लंगडा होता.

लूव्रच्या राजवाड्यापाशी मात्र गाईड रंगला. २४ ऑक्टोबर १६५८ ला कंपनीने चौदाव्या लुईसमोर आधी कोर्नेय या नाटककाराची शोकांतिका केली, ती काही फार चढली नाही, मग मोलिएरने पुढे होऊन नम्रपणे विचारलं की गावोगाव करत होतो ते एक छोटं प्रहसन दाखवू का, आणि त्या प्रहसनाने राजाला जिंकलं. कंपनीला पॅरिसमध्ये थिएटर मिळालं.

पुढचा स्टॉप पॅले रोयाल, आणि या एका स्टॉपसाठी मी पुन्हा पूर्ण पैसे भरायला तयार आहे. तिथलं त्याचं थिएटर १७६३ मध्ये जळालं, बघायला काहीच उरलेलं नाही, पण गाईडने तिथे उभं राहून तार्त्यूफ या त्याच्या नाटकातल्या ओळी फ्रेंचमध्ये म्हणून दाखवल्या. भोंदू साधू एका घरात शिरतो आणि मालकाचं घरदार गिळायला बघतो, मालकाला पटावं म्हणून बायको त्याला टेबलाखाली लपवते आणि वर भोंदूबुवा तिच्याशी लगट करतो, तो सीन. हे सगळं पद्यात आहे. बारा अक्षरांची ओळ, सहावर यती म्हणजे थांबा, दोन दोन ओळींना यमक. गाईड बोटाने हातावर ताल देत होता आणि मला फ्रेंच येत नसून कळत होतं की हशा नेमका यतीनंतर येतो. मोलिएर विनोदी लेखक म्हणून सगळ्यांना माहीत आहे, तो केवढा कवी होता हे मला त्या दहा मिनिटांत ऐकू आलं. या नाटकावर १६६४ मध्ये बंदी आली, नाव बदलून १६६७ मध्ये केलं तर परत बंदी, शेवटी १६६९ च्या फेब्रुवारीत परवानगी मिळाली. पाच वर्षं तो एका नाटकासाठी भांडत होता, आणि तेवढ्या काळात बाकीची नाटकं लिहून कंपनी चालवत होता ते वेगळंच.

शेवट रू द रिशलियोवर. ४० नंबरच्या घरात मोलिएर वारला, समोरच १८४४ चं मोलिएरचं कारंजं आहे, वर तो बसलेला, खाली दोन बायका हातात त्याच्या नाटकांची यादी धरून उभ्या. आणि इथे गाईडने सांगितलं की मोलिएर स्टेजवर मेला. नाही हो! १७ फेब्रुवारी १६७३, काल्पनिक आजारी या त्याच्या नाटकाचा चौथा प्रयोग, प्रयोगात त्याला झटका आला, तो त्याने हसण्यावारी नेला, नाटक पूर्ण केलं, आणि घरी येऊन रात्री दहाच्या सुमारास गेला. त्याच्याच कंपनीतला ला ग्रांज रोजच्या प्रयोगाची आणि गल्ल्याची वही ठेवायचा, त्यात त्याने प्रयोगानंतर घरी रात्री दहाला गेल्याचं लिहून ठेवलंय. त्या दिवशी बायको आणि तरुण नट बारों प्रयोग करू नका म्हणून रडत विनवत होते, तर तो म्हणाला की पन्नास गरीब माणसं रोजाच्या कमाईवर जगतात, मी उभा राहिलो नाही तर त्यांनी काय करायचं. हे १७०५ च्या त्याच्या चरित्रात आहे. नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशांवर, पोट असणारी माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना या वाक्याचं वजन सांगायला नको. नट म्हणून चर्चने रीतसर दफन पण नाकारलं, बायकोने राजापर्यंत धाव घेतली तेव्हा कुठे रात्रीच्या अंधारात पुरायला परवानगी मिळाली. हे सगळं सोडून लोक स्टेजवर मेला एवढंच सांगतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकी बारीकसारीक, ग्रुप पंचवीस जणांचा, फारच मोठा. कानातल्या यंत्रात खरखर. वाटेत बसायला कुठे नाही, गुडघे दुखत असतील तर विचार करा.

टूर कॉमेडी फ्रान्सेज या थिएटरच्या दारात संपते, आत नेत नाहीत. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळचं तिकीट काढा. महागडं नकोच, प्रयोगाच्या एक तास आधी छोट्या खिडकीवर स्टेज अर्धवट दिसणाऱ्या जागा अगदी स्वस्तात विकतात, आम्ही तीच घेतली. मध्यंतरात फॉयेमध्ये, म्हणजे थिएटरच्या दालनात, गेलो. तिथे काचेआड ती खुर्ची आहे, शेवटच्या प्रयोगात मोलिएर जिच्यावर बसला होता ती, चामडं पार झिजलेलं. भाचीने हळूच विचारलं, मावशी, इथेच झटका आला का त्याला? मी नुसती मान हलवली. घंटा होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.