पीएलसी, डीसीएस की सुटे कंट्रोलर: कुरकुंभच्या एका लहान रसायन युनिटसाठी तुलना

ही तुलना पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ एमआयडीसीतील एक नमुना युनिट डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. त्यात जॅकेट (गरम किंवा थंड करण्यासाठीचे बाहेरचे आवरण) असलेले तीन रिॲक्टर, एक बॉयलर, एक कूलिंग टॉवर, तापमान-दाब-प्रवाहाचे मिळून बारा लूप (मोजमाप घेऊन सतत दुरुस्ती करणाऱ्या नियंत्रण-साखळ्या) आणि उघड-बंद होणारे सुमारे चाळीस व्हॉल्व्ह आहेत, आणि काम तीन पाळ्यांत चालते. अशा युनिटच्या मालकाकडे बहुधा तीन प्रकारची कोटेशन येतात: पॅनेलवर बसणारे सुटे पीआयडी कंट्रोलर (फरक किती आहे, किती साचला आहे आणि किती वेगाने बदलतो यांवरून दुरुस्ती ठरवणारे), पीएलसी (प्रोग्राम करता येणारा औद्योगिक कंट्रोलर) व स्काडा (पडद्यावर माहिती दाखवणारे आणि नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर), आणि डीसीएस (सगळ्या प्रकल्पाची एकत्रित नियंत्रण प्रणाली). तिन्हींत ‘संपूर्ण ऑटोमेशन’ हेच शब्द असतात. किमती मात्र हजारांपासून सुरू होऊन लाखांच्या बऱ्याच पुढे जातात.

पैसे कशासाठी मोजायचे हे ठरवण्याआधी तिन्हींत समान काय आहे ते पाहावे लागते. रिॲक्टरमधील पीटी-100 सेन्सरचा रोध 0 अंश सेल्सिअसला 100 ओहम आणि 100 अंशांना सुमारे 138.5 ओहम असतो. ट्रान्समीटर त्याचे 4 ते 20 मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. कंट्रोलर ते मूल्य सेटपॉइंटशी, म्हणजे हव्या असलेल्या मूल्याशी, ताडून पाहतो आणि वाफेच्या व्हॉल्व्हला तसाच दुसरा सिग्नल पाठवतो. सिग्नलची सुरुवात शून्यापासून न करता 4 पासून करण्याचे एक कारण असे की, वायर तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि बिघाड लगेच कळतो. या साखळीतील सेन्सर, वायर आणि व्हॉल्व्ह कोणतेही कोटेशन स्वीकारले तरी तेच राहतात. ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी जागा) आवळून ठेवल्यामुळे व्हॉल्व्ह अडखळत असेल, तर सर्वांत महागडी डीसीएससुद्धा तापमान स्थिर ठेवू शकत नाही. इंटिग्रल क्रिया (साचलेल्या फरकावरून होणारी दुरुस्ती) साचत जाते, व्हॉल्व्ह एकदम उसळतो आणि ट्रेंडवर, म्हणजे वेळेनुसारच्या आलेखावर, करवतीचे दाते उमटतात. म्हणून माझ्या मते पहिला खर्च चांगल्या व्हॉल्व्हवर आणि पोझिशनरवर (व्हॉल्व्ह सांगितल्याइतकाच उघडेल हे पाहणाऱ्या उपकरणावर) व्हावा.

सुट्या कंट्रोलरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बॉयलरच्या पाणीपुरवठ्याची टाकी किंवा एखादे ओव्हन यांसाठी ते उत्तम आहेत, एक बिघडला तर बाकीचे चालू राहतात आणि तो बदलायला अर्धा तास पुरतो. आपल्या युनिटमध्ये मात्र बॅचचे तापमान जॅकेटच्या तापमानाचा सेटपॉइंट ठरवते, म्हणजेच कॅस्केड लागते, आणि एकाच आउटपुटवर थंड पाणी व वाफ दोन्ही चालवावी लागतात. हे सुट्या कंट्रोलरवर जमते, पण इंटरलॉकसाठी (एक अट पुरी नसेल तर दुसरी क्रिया अडवणाऱ्या व्यवस्थेसाठी) रिलेंचे (विजेवर चालणाऱ्या स्विचांचे) जंजाळ वाढत जाते आणि बॅचची नोंद शेवटी वहीतच राहते.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे, आणि त्यांच्यातील फरक त्यांच्या जन्मकथेतून चांगला उलगडतो. जनरल मोटर्सने 1968 मध्ये मोटार कारखान्यातील रिलेंच्या पॅनेलला पर्याय मागितला आणि त्यातून मॉडिकॉन 084 हा पीएलसी आला. त्याचे मूळ काम ‘हे झाले की ते कर’ असा क्रम वेगाने पार पाडणे हे होते. डीसीएसचा जन्म 1975 चा. हनीवेलची टीडीसी 2000 आणि योकोगावाची सेंटम या प्रणाली सतत चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पांतील भिंतभर पसरलेल्या कंट्रोलरांची जागा घेण्यासाठी आल्या. चाकणच्या असेंब्ली लाइनवर पीएलसी आणि रिफायनरीत डीसीएस दिसते ती त्यामुळेच. आज दोघांची कामे एकमेकांत बरीच मिसळली असली, तरी मूळ स्वभाव गेलेला नाही.

त्याचे एक उदाहरण पीआयडीच्या गणनेत दिसते. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह (फरकाच्या बदलाच्या वेगावरून होणारी) या क्रिया दोन गणनांमधील वेळ ठरावीक आहे असे धरून चालतात. डीसीएसमध्ये प्रत्येक ब्लॉकचा आवर्तनकाळ आधीच नेमलेला असतो. पीएलसीत ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे. त्याने पीआयडी मुख्य स्कॅनमध्ये (संपूर्ण प्रोग्रामच्या पुन्हापुन्हा होणाऱ्या फेरीत) टाकले आणि प्रोग्राम वाढल्यावर स्कॅनचा वेळ बदलला, तर कोणी हात न लावताही लूपचे ट्यूनिंग बिघडते. पीआयडी ठरावीक काळाच्या स्वतंत्र टास्कमध्ये आहे का, हा प्रश्न कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करण्याच्या, वेळी जरूर विचारावा.

दुसरा फरक डेटाबेसचा. पीएलसीचा टॅग (प्रत्येक मोजमापाला किंवा व्हॉल्व्हला दिलेले नाव व त्याची माहिती) आणि स्काडाचा टॅग अनेक ठिकाणी वेगवेगळे तयार करावे लागतात. दाबाचा ट्रान्समीटर 0–10 बारऐवजी 0–16 बारचा बसवला आणि रेंज फक्त पीएलसीत बदलली, तर 12 मिलिअँपिअरला प्रत्यक्ष दाब 8 बार असताना स्वतंत्र स्केलिंग करणारा स्काडा 5 बार दाखवतो. इंटरलॉक बरोबर चालतो, ऑपरेटर मात्र चुकीच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतो. डीसीएसमध्ये टॅग, ट्रेंड आणि अलार्म एकाच व्याख्येतून येतात, म्हणून ही चूक सहसा होत नाही. काही नव्या पीएलसी प्रणालींतही अशी सोय असते. कोटेशनमध्ये ती आहे की नाही ते पाहावे.

रिडंडंट कंट्रोलर (एक बंद पडला तर लगेच काम हाती घेणारा जोडीचा कंट्रोलर) डीसीएसमध्ये जवळपास गृहीत धरलेला असतो, तर पीएलसीत तो वेगळा विकत घ्यावा लागतो. बॅच अर्ध्यावर थांबल्यास माल वाया जाणार असेल तर तो घ्यावा. माल नुसता धरून ठेवता येत असेल तर तयार स्पेअर सीपीयू पुरतो.

माणसांच्या बाबतीत पुण्यात पीएलसीची बाजू निःसंशय वरचढ आहे. भोसरी-चिंचवड पट्ट्यात पॅनेल बांधणारे आणि लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम लिहिण्याची आकृतीवजा भाषा) लिहिणारे सहज मिळतात (त्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, हे मात्र बुधवारी रात्री बिघाड झाल्यावर आठवते). डीसीएससाठी बहुधा मूळ कंपनीच्या इंजिनिअरवर आणि तिच्या एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) अवलंबून राहावे लागते. पण सहज मिळणाऱ्या माणसांचीही एक जोखीम असते. मी पाहिलेल्या एका कारखान्यात पॅनेलवाल्याने प्रोग्रामला पासवर्ड घालून ठेवला होता आणि दोन वर्षांनी तो फोनही उचलेना. एक टायमर बदलण्यासाठी सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागला.

तापमान हाताबाहेर गेल्यास रिॲक्टर बंद करणारी सुरक्षा यंत्रणा यांपैकी कशातही मिसळू नये. आयईसी 61511 या मानकाचा रोख सुरक्षा यंत्रणा नेहमीच्या कंट्रोलपासून वेगळी ठेवण्याकडेच आहे, त्यामुळे ‘हेही त्याच सीपीयूत करून देतो’ असे सांगणाऱ्याला तिथेच थांबवावे.

या नमुना युनिटसाठी मी पीएलसी व स्काडा घेईन. लूप पन्नासच्या पुढे जाणार असतील, प्रक्रिया महिनोन्महिने अखंड चालणार असेल किंवा चालू स्थितीत वारंवार बदल करावे लागणार असतील, तर डीसीएसचा जास्तीचा खर्च योग्य ठरेल. पीएलसीच्या खरेदी आदेशात मात्र तीन अटी लेखी असाव्यात: पीआयडी ठरावीक काळाच्या टास्कमध्ये असेल, स्काडाच्या परवान्यात सध्याच्या टॅगपेक्षा निदान तीस टक्के जास्त टॅग असतील, आणि पासवर्डविना, टिपांसह मूळ प्रोग्रामची प्रत मालकाच्या हाती पडल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.