विकायच्या बोटीचा तळ ओला का होता?

ही हकीकत लिहायला मी दीड वर्ष लावले, कारण लाज वाटत होती. आधी भोसरीत आणि नंतर नेदरलँड्समध्ये मिळून एकतीस वर्षे ज्याने प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, वेल्डिंगची तपासणी केली, पत्र्याची जाडी मोजलेल्या अहवालांवर सह्या केल्या, त्याच माणसाला पत्र्याच्याच बाबतीत कोणी टोपी घालावी, हे चारचौघांत सांगण्यासारखे नाही. परंतु गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांनी, निवृत्तीनंतर आम्हीही जुनी स्टीलची बोट घेणार आहोत, तुम्ही कोणत्या दलालाकडून घेतलीत, असे मलाच विचारले, तेव्हा गप्प बसणे बरे वाटेना.

बोट निवडताना मी हलगर्जीपणा केला, असे मात्र कोणी म्हणू नये. आम्हाला नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या तळ्यांत रविवारपुरती फिरवायची होडी नको होती. मास नदीने बेल्जियममधून फ्रान्समध्ये शिरायचे, व्होज कालव्याने सोन नदीत उतरायचे, लिऑनवरून रोनने भूमध्य समुद्र गाठायचा, आणि अधूनमधून हवामान पाहून आयमाउडन ते स्खेवेनिंगन असा थोडा डच समुद्रकिनाराही करायचा, असा आम्हा दोघांचा बेत होता. कालव्याला बुटकी आणि उथळ बोट लागते, समुद्राला वजनदार आणि भक्कम. फ्रान्समधल्या फ्रेसिने मापाच्या, म्हणजे तिथल्या जुन्या प्रमाणित मापाच्या, कालव्यांवर पुलाखाली साधारण साडेतीन मीटर उंची मिळते, तेव्हा वर दुसरा मजला असलेल्या ऐटबाज बोटी मी पहिल्याच आठवड्यात बाद केल्या. दोन इंजिनांच्याही बाद केल्या, कारण कालव्यात दोन्ही बाजूंचे पंखे (प्रोपेलर) उघडे पडतात आणि डिझेलचे बिलही वाढते. हे सारे मी दोन वर्षे वहीत टिपत होतो.

त्या वहीला तंतोतंत उतरणारी बोट स्नेकजवळच्या एका गावात मिळाली. १९८१ सालची, ११.८० मीटर लांब, ३.७५ मीटर रुंद, पाण्याखाली १.०५ मीटर, आणि छत व डोलकाठी पाडल्यावर पाण्यावर केवळ २.४८ मीटर. १२० अश्वशक्तीचे एकच फोर्ड लेहमन इंजिन होते, आणि अशा बोटीला ताशी चौदा-साडेचौदा किलोमीटरपुढे जायचेच नसते, त्यामुळे तेवढे पुरेसे होते. जाहिरातीत पत्र्याची जाडी '६/५/४' अशी दिली होती, म्हणजे तळ ६ मिलिमीटर, बाजू ५ आणि वरचे बांधकाम ४. बोट १९८५ पूर्वीची आणि १९९२च्या अखेरीस युरोपीय समुदायातच असल्यामुळे मूल्यवर्धित कराचा प्रश्न नाही, हे दलालाने आपण होऊन कागदांसकट दाखवले, आणि ते खरेही होते. खोटे बोलणारा माणूस आधी चार गोष्टी खऱ्या सांगतो. जाहिरातीतले 'किनाऱ्यासाठी योग्य' हे शब्द मात्र निव्वळ त्याचे होते. बोट किती खवळलेल्या पाण्यात चालेल यावरून तिला ए, बी, सी, डी अशी वर्गवारी देणारा युरोपीय नियम १९९८ च्या जूनपासून सक्तीचा झाला, तेव्हा त्याआधीच्या बोटीला असे प्रमाणपत्र नसते आणि विकणारा म्हणेल ते ऐकावे लागते.

मागितलेली किंमत ७२,५०० युरो होती आणि सौदा ६८,०००ला ठरला. दहा टक्के, म्हणजे ६,८०० युरो, मी त्याच दिवशी दलालाच्या खात्यात भरले. ते ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवायचे खाते नसून त्याच्या धंद्याचे साधे चालू खाते होते, हे मला फार नंतर समजले. पैसे भरण्यापूर्वी तुम्ही एवढे तरी विचारा.

तपासणीचा दिवस १४ एप्रिल २०२३. कराराप्रमाणे तपासणीचा आणि क्रेनचा खर्च माझा होता. सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा, दलालानेच सुचवला. तो स्वतंत्र आहे, याच गावात राहतो, बाहेरचा माणूस बोलावलात तर तीन आठवडे थांबावे लागेल आणि बोटीसाठी एक जर्मन जोडपेही विचारत आहे, असे त्याने सांगितले. हे जर्मन जोडपे प्रत्येक सौद्यात असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मलाही ते माहीत होते. तरीही मी ९८५ युरो त्या सर्व्हेअरला आणि ३४० युरो क्रेनला दिले.

बोट क्रेनच्या पट्ट्यांत उचलली गेली तेव्हा तिचा तळ काळाकुळकुळीत चमकत होता. मी कौतुकाने त्याला हात लावला आणि माझी तीन बोटे व शर्टाची बाही काळी झाली. रंग ओला होता. माझी बायको तिथेच उभी होती. ती म्हणाली, "अहो, बोट विकायची आहे, तर आदल्या दिवशी तिच्या पोटाला रंग कशाला फासलाय?" दलालाला मराठी येत नाही, पण माझ्या बाहीकडे पाहून तो हसला आणि म्हणाला की एप्रिल आहे, हंगामाच्या तोंडावर प्रत्येकजण शेवाळ न धरणारा रंग लावतोच. आणि मी, एकतीस वर्षे तपासनीस म्हणून काढलेला मी, तिला मराठीतून म्हणालो की इथे तशीच पद्धत आहे.

पद्धत तशी खरोखरच आहे, म्हणून तर मी फसलो. वसंतात सगळेच रंग लावतात. परंतु जी बोट पाण्यातून उचलून तपासायची आहे, तिला आदल्या दिवशी पाण्याबाहेर काढून रंगवून पुन्हा पाण्यात सोडण्याचा खर्च कोणता शहाणा मालक करील? आमच्या कारखान्यात एखादा कंत्राटदार तपासणीपूर्वी वेल्डवर रंग मारून घेऊन आला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते. ती बाही मी अजून जपून ठेवली आहे. रॉकेलनेही डाग गेला नाही.

सर्व्हेअरने वीस मिनिटांत चौदा ठिकाणी ध्वनिलहरीने जाडी मोजणारे यंत्र टेकवले. रंगाचा एकही ठिपका त्याने खरवडला नाही. आजकालची यंत्रे रंगातूनही मोजतात, हे मला ठाऊक असल्यामुळे मी काही बोललो नाही. हातोडीने वाजवून बघणार का, एवढे मात्र विचारले. यंत्र हातोडीपेक्षा अचूक असते, असे उत्तर मिळाले, आणि बारा वाजता क्रेनवाल्याची जेवणाची सुट्टी होत असल्याने बोट पुन्हा पाण्यात गेली.

अहवालात मागच्या भागाचे आकडे ५.३, ५.५, ५.१ असे होते आणि मधल्या तळाचे ४.०, ४.१, ४.०, ४.०, ४.१. माझ्या विमा कंपनीची अट किमान ४ मिलिमीटरची होती. बेचाळीस वर्षे पाण्यात असलेला पत्रा असा एकसारखा झिजत नाही. एका ठिकाणी पाच, हातभर अंतरावर साडेतीन, असे त्याचे आकडे येतात. इतके सुबक आकडे फक्त नव्या पत्र्याचे असतात. त्या रात्री हे पाच आकडे मी दोनदा वाचले आणि विम्याची अट नेमकी पूर्ण होते म्हणून खूश होऊन झोपलो.

प्रत्यक्षात झाले होते असे, की गंजून गेलेल्या तळावर ४ मिलिमीटरचे नवे पत्रे बाहेरून वेल्ड करून ठिगळे लावली होती. यंत्राची ध्वनिलहर पत्र्याच्या पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येते. दोन पत्र्यांमध्ये फट किंवा सुटा गंज असेल तर ती आतल्या पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि यंत्र फक्त ठिगळाची जाडी दाखवते. म्हणजे अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता, आणि हेच मला सर्वांत अधिक झोंबते. ठिगळ लावणे हा काही गुन्हा नव्हे, अनेक जुन्या बोटींना ती असतात. पण ती सांगायची असतात, आणि इथे शिवणी दिसू नयेत म्हणून रंग फासला होता.

त्या उन्हाळ्यात आम्ही आयसेलमेर हे मोठे तळे ओलांडून आयसेल नदीने झुत्फेनपर्यंत गेलो. तळातले पाणी उपसणारा पंप आधी दोन दिवसांतून एकदा चाले, ऑगस्टमध्ये रोज चालू लागला. शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या सांध्यातून, थेंब पडायचेच, असे मी समजत राहिलो. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका यार्डात बोट काढून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तळ धुतला, तेव्हा सदऱ्याच्या ठिगळाभोवती शिवण दिसावी तशा आयताकृती रेषा उमटल्या. यार्डातल्या म्हाताऱ्या कामगाराने काही न बोलता हातोडी घेतली. मागच्या भागावर ती टणटण वाजली आणि मधोमध आल्यावर भद्द आवाज झाला. पुढे काय निघणार, हे मला त्या आवाजावरूनच कळले. या वेळी मी स्वतः शोधलेल्या सर्व्हेअरने १,२४० युरो घेऊन तळहाताएवढा तुकडा कापला. आतला मूळ पत्रा १.६ मिलिमीटर उरला होता आणि त्याला पेन्सिल जाईल अशी दोन भोके होती. कापून नवा तळ बसवण्याचा अंदाज ३१,४०० युरोंचा आला. विमा कंपनीने दुरुस्ती होईपर्यंत संरक्षण थांबवले.

यापुढचा भाग फसवणुकीपेक्षाही कडू आहे. पोलिसांकडे गेलो, तर खिडकीतल्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, की बोट तुमच्या ताब्यात मिळाली ना? मिळाली म्हटल्यावर, मग हा दिवाणी वाद आहे, असे सांगून त्याने तक्रार नोंदवूनसुद्धा घेतली नाही. पैसे घेऊन बोट दिलीच नसती तर ती फसवणूक, आणि बुडणारी बोट दिली तर तो व्यवहार! दलालांच्या संघटनेला लिहिले, तर तो आमचा सभासदच नाही असे उत्तर आले. हे मी बयाणा देण्यापूर्वी पाच मिनिटांत पाहू शकलो असतो. कायदेशीर मदतीच्या विम्याचा हप्ता मी अकरा वर्षे भरत होतो. त्यांनी कळवले की मूळ योजनेत बोटींचे वाद येत नाहीत. ग्राहकांना सल्ला देणाऱ्या दूरध्वनीवरील बाईंनी फार सहानुभूतीने ऐकून घेतले आणि मालक खासगी व्यक्ती असल्याने व्यापाऱ्याविरुद्ध मिळणारे ग्राहक म्हणूनचे हक्क इथे मिळणार नाहीत असे सांगितले. दलाल म्हणाला की मी फक्त मध्यस्थ. सर्व्हेअरने अहवालाच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ दाखवली, की त्याची जबाबदारी त्याच्या शुल्काएवढीच, म्हणजे ९८५ युरोंचीच. तेही त्याने दिले नाहीत. प्रत्येकाने मला पुढच्या दाराकडे बोट दाखवले, आणि प्रत्येक दाराशी मी तेच छायाचित्र, तेच आकडे, तीच काळी बाही घेऊन उभा राहिलो.

शेवटी २,६६२ युरो देऊन वकील गाठला. तिने पहिल्याच भेटीत विचारले की लेखी तक्रार कधी केलीत. डच नागरी संहितेच्या ७:२३ या कलमानुसार दोष कळल्यावर वाजवी मुदतीत विकणाऱ्याला कळवावे लागते. मी अकरा आठवडे दलालाला फोन करत होतो आणि तो 'मालकाशी बोलतो' असे म्हणत मला झुलवत होता. मालकाला मी एक ओळही लिहिलेली नव्हती. तुम्ही फोन करत बसू नका, त्याच दिवशी मालकाला नोंदणीकृत पत्र पाठवा. करारात 'आहे त्या स्थितीत' असे कलम होते, तरी मालकाला ठिगळे माहीत होती आणि त्याने ती लपवली असे सिद्ध केले तर ते कलम त्याला वाचवत नाही, असे ती म्हणाली. ते सिद्ध मीच करायचे होते, खर्च आणखी १२,००० युरोंच्या पुढे जाणार होता, आणि मालक तोवर देश सोडून गेला होता.

बोट मी सगळे खरे सांगून, कापलेला तुकडा दाखवून, ख्रोनिंगनकडच्या एका वेल्डरला २६,५०० युरोंना दिली. त्याने पाहायला येताना हातोडी खिशातूनच आणली होती आणि माझा अहवाल न वाचताच परत दिला. यार्डाचे भाडे सोडून माझा निव्वळ तोटा ४६,७२७ युरो झाला.

मागच्या आठवड्यात त्याच दलालाची नवी जाहिरात पाहिली. १९७९ सालची, ११.२० मीटर लांब, ६४,९०० युरो, 'कालव्यासाठी आणि किनाऱ्यासाठी योग्य, तपासणी अहवाल उपलब्ध'. चौथ्या छायाचित्रात ती पट्ट्यांत टांगलेली आहे आणि तिचा तळ काळाकुळकुळीत चमकतो आहे.