नॉर्वेचा किनारा: मोठी क्रूझ घ्यावी की किनारी बोट?

नॉर्वेला जायचं नक्की झालेल्या मंडळींचा हल्ली एकच प्रश्न असतो. मोठी क्रूझ बरी, की बंदरं घेत घेत जाणारी ती किनारी बोट? दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितोय. मोठ्या जहाजावर सासरची अख्खी फौज घेऊन जर्मनीतल्या कीलहून निघालो होतो. किनारी बोटीवर आम्ही दोघंच होतो, बर्गेनहून. केबिनचे प्रकार, डेक किती, जिम आहे का वगैरे कंपन्यांच्या साइटवर सापडतं, त्यात शिरत नाही.

मोठ्या क्रूझच्या बाजूने आधी बोलतो, कारण तिची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. बरोबर लहान मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील तर हिच्याइतकी सोय दुसरीकडे मिळणं कठीण. बॅग एकदा उघडायची, एकदा बंद करायची. सासूबाईंना व्हीलचेअर लागायची. लिफ्ट, उतार, मदतनीस, कशाचीच अडचण आली नाही. शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवलं होतं, ते रोज न विसरता आलं, आणि आमची वरण-भाताची मागणी समजलेला एक गोव्याचा स्वयंपाकी तिसऱ्या दिवसापासून स्वतःहून काही ना काही पाठवू लागला. या जहाजांवर गोव्याची आणि कोकणची पोरं पिढ्यानपिढ्या काम करताहेत, त्यामुळे मराठी-कोंकणी कानावर पडतेच. दिवसाला पडणारा खर्चही किनारी बोटीपेक्षा बहुतेक वेळा कमीच निघतो. या कारणांमुळे लोक क्रूझकडे वळतात आणि वळतच राहणार. 2019 साली जगभरात सुमारे 2 कोटी 97 लाख लोक क्रूझवर गेले. मध्ये कोविडने धंदा पार झोपवला, तरी 2024 चा आकडा 3 कोटी 46 लाखांवर पोचला. जहाजंही त्याच मापाने फुगली. जानेवारी 2024 मध्ये निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांब आहे आणि पूर्ण भरलं तर 7,600 प्रवासी घेतं. कोकणातली कित्येक गावं तेवढ्या वस्तीची नाहीत.

नॉर्वेत एवढी अजस्र जहाजं सहसा येत नाहीत, पण जी येतात ती काही लहान नसतात. आणि ती जिथे थांबतात ते गायरांगेर हे गाव जेमतेम अडीचशे वस्तीचं.

माझं मत जिथे फिरलं ती जागा हीच. गायरांगेर फ्योर्ड म्हणजे पंधरा किलोमीटर लांबीची, उंच कड्यांमधली समुद्राची चिंचोळी जीभ. 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा इथलाच, फोटोत सगळ्यांनी पाहिलेला. आम्ही सकाळी आत शिरलो तेव्हा गावासमोर आणखी एक जहाज आधीच नांगर टाकून उभं होतं. वारा अजिबात नव्हता. आमचंही जहाज थांबलं, आणि मला वाटलं आता सगळं शांत होईल. झालं नाही. जहाज थांबलं तरी त्याची यंत्रं थांबत नाहीत. हजारो माणसांचे दिवे, लिफ्टा, एसी, स्वयंपाकघर, तरणतलावाचं गरम पाणी, सगळ्याला वीज लागते, आणि ती वीज जहाज स्वतःच तेल जाळून बनवतं. मागच्या डेकवर उभं राहिलं की पायाखालून एक घरघर सतत येत होती. दोन्ही जहाजांच्या धुरांड्यांतून निघणारा धूर वर जायचं सोडून मध्येच अडला आणि कड्यांच्या निम्म्या उंचीवर राखाडी-पिवळसर पट्टा होऊन आडवा पसरला. दुपारपर्यंत तो तिथेच. कठड्यावर हात टेकवला तर तळव्याला काळे ठिपके. मेहुण्याच्या पांढऱ्या टोपीवरही दोन-चार होते, ते चोळल्यावर आणखी पसरले.

आणि धबधब्याचा आवाज आला नाही. कड्यावरून सात धारा पडताना दिसत होत्या, पण ऐकू येत होती ती फक्त घरघर आणि लाउडस्पीकरवरून पुकारले जाणारे नंबर. छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेण्यासाठी प्रत्येकाच्या छातीवर नंबराचा स्टिकर लावला होता, आणि आमचा नंबर लागायला सकाळ संपली. ते एक वेळ चालवून घेता येतं. एवढ्या लांब जाऊन त्या जागेचा आवाज ऐकायला मिळू नये, हे मात्र मला चालवून घेता आलं नाही. काहींना हे अगदीच किरकोळ वाटेल. आमच्यातल्याच निम्म्या लोकांच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता न्यायाने बोलायचं तर त्यानंतर बरंच बदललंय. गंधकाचं प्रमाण जगभरच्या सागरी इंधनात 2020 पासून 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणलं गेलं, आणि नॉर्वेने या वारसा फ्योर्डांसाठी 2019 पासूनच त्याहून कडक नियम लावले. पूर्वी बऱ्याच जहाजांनी एक युक्ती केली होती. स्वस्त, जड तेल जाळायचं, धूर समुद्राच्या पाण्याने धुवायचा आणि ते आम्लट पाणी परत समुद्रात सोडायचं. हवा स्वच्छ, कागद स्वच्छ, घाण तेवढी खाली गेली. फ्योर्डमध्ये आता ते पाणी सोडायला बंदी आहे. तेव्हा पट्टा पूर्वीइतका दाट दिसणार नाही, असं मानायला जागा आहे. पण यंत्रं तर चालणारच. नॉर्वेच्या संसदेने 2018 मध्ये ठरवलं होतं की 2026 पासून या फ्योर्डांत शून्य उत्सर्जनाचीच जहाजं येतील. प्रत्यक्षात नियम 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला तो दहा हजार टनेजखालच्या प्रवासी जहाजांना. मोठ्यांना 2032 पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे जी जास्त जाळतात त्यांनाच सवलत जास्त. (बहुतेक किनारी बोटीही दहा हजारांच्या वरच्या आहेत, त्यामुळे सवलत त्यांनाही मिळालीय, हे लपवत नाही.)

नव्या क्रूझ जहाजांच्या जाहिरातीत एलएनजीचा, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचा, फार गाजावाजा असतो. काजळी आणि गंधक त्याने खरंच जवळजवळ संपतं, नाकाला फरक कळतो. मात्र इंजिनात न जळता निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो, त्यामुळे ‘हिरवं जहाज’ हा शब्द ऐकला की मी जरा थांबून घेतो. सांडपाण्याचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे प्रक्रिया न केलेला मैला सोडायलाही एरवी मुभा आहे. चांगल्या कंपन्या ती वापरत नाहीत. सगळ्याच तशा नसतात: 2016 साली प्रिन्सेस क्रूझेसला तेलकट पाणी गुपचूप नळीने समुद्रात सोडल्याबद्दल अमेरिकेत 4 कोटी डॉलरचा दंड झाला होता.

आता दुसरी बाजू, किनारी बोटीची. 1893 मध्ये रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ‘वेस्टरॉलेन’ ही बोट ट्रोंधाइमहून हामरफेस्टला नेली, तिथून ही सेवा सुरू झाली. रस्ते नव्हते, हिवाळ्यात टपाल पोचायला महिने लागायचे. आज बर्गेन ते रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस, वाटेत 34 बंदरं, बाराही महिने रोज एक बोट निघते. सरकारी कंत्राट 2021 पासून दोन कंपन्यांत वाटलंय: हुर्टिग्रुटेनच्या सात बोटी, हाविलाच्या चार. घरात कोणी हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरीला उतरलेलं असेल, त्याला ही सेवा समजावून सांगावी लागत नाही. धक्क्याला लागली की बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते, मासळीचे खोके, टायर, कोणाचं तरी कपाट, दोन सायकली, एक आजी आणि तिचा कुत्रा. पंधरा मिनिटांत दोर सुटतात.

मला हिचं सगळ्यात पटलं ते हे की ती माझ्यासाठी निघालेली नाही. मी चढलो नसतो तरी त्या दिवशी ती निघणारच होती, माल आणि गावकरी घेऊन. मोठी क्रूझ निघते ती फक्त आपल्याला फिरवण्यासाठी. प्रदूषणाचा काटेकोर हिशेब मला मांडता येणार नाही, आणि मुंबईहून विमानाने जाणाऱ्याने तो फार ऐटीत मांडूही नये. तरी हा फरक मला मोठा वाटतो.

आम्ही हाविलाच्या बोटीने गेलो होतो. तिच्यात एलएनजी इंजिन आहे, त्यामुळे मिथेनबद्दल वर जे म्हटलं ते हिलाही लागू. जोडीला 6.1 मेगावॉट-तासाची बॅटरी आहे, बंदरातल्या जलविद्युतेवर भरली जाणारी. तिच्यावर सुमारे चार तास बोट नुसत्या विजेवर चालते. उन्हाळ्यात ऑलेसुंदहून वळून ही बोट गायरांगेरला जाते. फ्योर्डमध्ये शिरल्यावर कधीतरी घरघर बंद झाली. नेमकी कधी, ते कळलंच नाही. पुढच्या डेकवर साठेक माणसं होती, कोणी बोलत नव्हतं. मग सात बहिणींच्या आधीच पाण्याचा आवाज यायला लागला. सुरुवातीला पाऊस आला असं वाटून बायकोने जॅकेटची टोपी वर घेतली. वळण घेतल्यावर धारा दिसल्या. पलीकडच्या कड्यावरच्या, एकट्या धबधब्याचा आवाज वेगळा, जाड, तोही ओळखू येत होता. माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

पण या बोटीत खटकण्यासारखंही पुष्कळ आहे. केबिन लहान, बॅग पलंगाखाली सरकवल्याशिवाय दार नीट उघडत नाही. रात्री दोनला बंदर लागलं की मालाचं दार आपटतं. खालच्या मजल्यावर केबिन मिळाली तर झोप विसरा. छोटी बंदरं दिसतात-न दिसतात तोच मागे पडतात. ट्रोंधाइम किंवा ट्रॉम्सोसारखी थोडीच अशी आहेत जिथे काही तास हाताशी लागतात. संध्याकाळी करमणूक म्हणजे खिडकी. हुस्टाडविकाच्या उघड्या समुद्रात आणि बोडोपुढच्या वेस्टफ्योर्डमध्ये बोट डोलते, औषध जवळ ठेवा. (हुस्टाडविकाने मोठ्यांनाही सोडलेलं नाही: मार्च 2019 मध्ये ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिनं तिथेच बंद पडली आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं.) जेवण चांगलं, पण मासे आणि मांस याभोवती फिरणारं. हाविलाने अन्न वाया जाऊ नये म्हणून बुफेच ठेवलेला नाही, छोट्या बशा मागवायच्या. मला ते आवडलं. पक्क्या शाकाहाऱ्याने मात्र आरक्षण करतानाच लिहून कळवावं आणि तरीही मेतकूट न्यावं. मद्य, अर्थात, नॉर्वेच्या भावाने.

हुर्टिग्रुटेनच्या बोटी जुन्या आहेत. काहींना अलीकडे बॅटरीची जोड दिलीय, पण मुख्य काम डिझेलवर. जड तेल मात्र त्या वापरत नाहीत. जुन्या बोटींच्या सलूनमधलं लाकूड आणि चित्रं पाहून काही जण मुद्दाम त्यांनाच पसंत करतात. ते मी समजू शकतो.

बंदरांचा कलही एकाच दिशेला दिसतोय. इटलीच्या सरकारने ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुद्देका कालव्यात मज्जाव केला, अलास्कातल्या जुनोने दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली, बार्सिलोना सातापैकी दोन टर्मिनल कमी करतंय. बर्गेनमध्ये दिवसाला चार जहाजं आणि 8,000 प्रवासी ही मर्यादा आहे, आणि तिथल्या धक्क्यावर मोठ्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज जोडता येते. वेळापत्रकातलं एखादं बंदर ऐनवेळी गळणं यापुढे वाढेल, असा आपला माझा अंदाज.

तर निवड कशी करावी? तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील, त्यातलं कोणी चालायला अधू असेल, किंवा मुलांना पोहायला-खेळायला हवंच असेल, तर मोठी क्रूझ घ्या, मी अडवणार नाही. फक्त आरक्षणाआधी एजंटला दोन गोष्टी विचारा. जहाज बंदरात किनाऱ्यावरची वीज घेतं का, आणि गायरांगेरला किती वाजता पोचून किती वेळ थांबतं. पहिल्या प्रश्नावर बहुतेकांना कंपनीला फोन करावा लागतो. जहाज साउदम्प्टनहून निघणार असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागेल, आणि शेंगेन किती प्रवेशांचा हवा, हेही तेव्हाच बघा.

बाकी सगळ्यांना, विशेषतः दोघंच असाल तर, मी किनारी बोटच सुचवेन. पूर्ण फेरी बारा दिवसांची आहे. तितकी गरज नाही. बर्गेन ते किर्केनेस एकतर्फी करून विमानाने परत या. तेही महाग वाटलं तर एका बंदरातून दुसऱ्या बंदरापर्यंतचं साधं तिकीट मिळतं, दिवसाचा टप्पा असेल तर केबिनही घ्यावी लागत नाही. बोडोहून दुपारी चढून रात्री लोफोटेनमधल्या स्वोल्वेरला उतरणं हा त्यातला माझा आवडता टप्पा. उन्हाळ्यात रात्रही उजेडातच जाते. आणि हातात दोनच दिवस असतील तर फ्लोम ते गुडवांगेन या नेरॉयफ्योर्डमधल्या विजेवरच्या बोटीने जा. 2018 पासून तिथे पूर्ण बॅटरीवरची ‘फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स’ आहे. जुलैसाठी गायरांगेरच्या फेऱ्या लवकर भरतात, तेव्हा गणपतीनंतर लगेच पुढच्या वर्षाचं बघायला लागलेलं बरं.